अनामिकेनं वाजवायचं गाणं

गिटार हातात धरलेल्या माणसाच्या वाटेत कधी ना कधी 'रोमान्स' येतेच. स्पॅनिश रचना आहे, बोल नाहीत, आणि ती कोणी बांधली याचा निकाल अजून लागलेला नाही. १९५२ साली रेने क्लेमाँ यांच्या एका फ्रेंच चित्रपटात नार्सिसो येपेस या स्पॅनिश वादकानं ती वाजवली आणि मग ती जगभर पसरली. ही आपण लहानपणी रचली, असं येपेस सांगत. त्यांचा जन्म १९२७चा, आणि या चालीचं मेणाच्या नळकांड्यावरचं ध्वनिमुद्रण १९००च्या आसपासचं आहे. कोणी फेर्नांदो सोर या जुन्या स्पॅनिश गिटारवादकाचं नाव घेतं, कोणी आंतोनिओ रुबिराचं. आमच्या भजनी मंडळातही 'ही चाल कोणाची?' असं विचारलं तर ज्यानं शिकवली त्याचंच नाव सांगतात, त्यामुळे हा वाद मला घरचाच वाटतो.

मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात शेती करतो. कपाशी, तूर, सोयाबीन. विहिरीचं पाणी टिकलं तर रब्बीत हरभरा. भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत असताना त्यानं घेतलेली गिटार नोकरी लागल्यावर आमच्याकडे येऊन पडली. जाण्याआधी त्यानं मला ही रचना अर्धीमुर्धी वाजवून दाखवली होती. म्हणाला, "मामाजी, हे प्रेमाचं गाणं आहे, अन् गावं लागत नाही." हे दुसरं मला फार पटलं. माझा गळा असा आहे की आरतीच्या वेळी पुढचे लोक मागे वळून पाहतात. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसानं बायकोसाठी प्रेमगीत शिकावं, यात हसण्यासारखं काही असेल तर ते गावानं हसून घेतलं आहे. तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

आधी गिटारबद्दल. भाच्याची गिटार मोठ्या पोटाची, पोलादी तारांची. 'रोमान्स' मुळात क्लासिकल गिटारवरची, म्हणजे आता नायलॉनच्या आणि पूर्वी आतड्याच्या तारांची. फरक नुसता आवाजाचा नाही. क्लासिकल गिटारची मान नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात तिथं, ५२ मिलिमीटर रुंद असते, माझी ४३. तेवढ्या फरकात प्रत्येक तारेची शेजारणीशी गाठ पडते आणि शेतकऱ्याचं बोट एक तार दाबायला जाऊन दोन दाबतं. वर ही गिटार दोन उन्हाळे आमच्या टिनाच्या खोलीत राहिलेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि टिनाखाली तर विचारूच नका. लाकूड वाळून आकसलं की धातूचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, तेवढेच राहतात, मग मानेच्या कडेनं त्यांची टोकं बाहेर येतात आणि हात वरखाली नेताना करवतीसारखी लागतात. मान वाकलेली होती. बाराव्या फ्रेटवर तार चांगली चार मिलिमीटर उचललेली.

अमरावतीला एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं भोकात ॲलन की घालून मानेतली सळई थोडी थोडी आवळली, ब्रिजवरची, म्हणजे पोटावर तारा जिथं बांधतात तिथली, हाडाची पट्टी खालून घासली, फ्रेटची टोकं कानशीनं गोल केली आणि तार अडीच मिलिमीटरवर आणली. १० गेजचा बारीक तारांचा संच चढवला. मी विचारलं, नायलॉनच्याच टाकता येतील का? नको म्हणाला. पोलादी तारांचा सगळा ताण ७० किलोच्या घरात जातो, नायलॉनचा ४०च्या आसपास. एवढ्याशा ताणावर या गिटारचं जाड पोट हलतच नाही, आवाज मेल्यासारखा येतो. उलटं केलं, म्हणजे क्लासिकलवर पोलादी तारा चढवल्या, तर ब्रिज उखडून हातात येतो. तिथून परत आल्यावर गिटार टिनाच्या खोलीतून जुन्या मातीच्या खोलीत हलवली. जिथं बियाण्याची तूर ठेवतो तिथंच. कूलरच्या झोतात मात्र ठेवायची नाही. दिवसभर कोरडी हवा आणि रात्रभर ओली हवा, यात कोणतंही लाकूड सरळ राहत नाही.

आता गाणं. कागदावर पाहिलं तर कोणीही फसेल इतकं सोपं दिसतं. पहिल्या भागातली सगळी सुरावट एकाच तारेवर आहे, सर्वांत बारीक पहिल्या तारेवर. सातवा फ्रेट तीन वेळा. मग सात, पाच, तीन. मग तीन, दोन, मोकळी. मग मोकळी, तीन, सात. आणि तिथून थेट बारावा. डाव्या हाताला सुरुवातीला एका बोटाचंच काम. खरा कारभार उजव्या हाताचा. अंगठा खालच्या सुराच्या जाड तारेवर, तर्जनी तिसऱ्या तारेवर, मध्यमा दुसरीवर, अनामिका पहिलीवर. करंगळी नुसती सोबत. प्रत्येक मात्रेत अनामिका, मध्यमा, तर्जनी असे तीन स्वर, आवर्तनात मात्रा तीन, म्हणजे नऊ स्वर. अंगठा फक्त पहिल्या मात्रेला, अनामिकेच्या बरोबरीनं. बस. सोळा आवर्तनं हेच चक्र चालतं, मग दुसरा भाग, मग पुन्हा पहिला.

यातली अडचण अशी की सुरावट पूर्णपणे अनामिकेच्या ताब्यात आहे, आणि हाताच्या पाच बोटांत तिच्याइतकं परावलंबी बोट नाही. तळहात टेबलावर ठेवून मध्यमा आत दुमडा आणि अनामिका एकटी उचलून पाहा, कळेल. माझी तर आयुष्यभर एकट्यानं कधी कामालाच लागलेली नव्हती. डवऱ्याची मूठ असो की फवारणीच्या पंपाचा दांडा, ती चौघांत मिसळून जायची.

नखांचाही प्रश्न होता. शिकवणारे सांगतात, उजव्या हाताची नखं बोटापुढे थोडी राखा, गोल घासा, कडा गुळगुळीत ठेवा. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर कपाशीची वेचणी सुरू होते. मजूर मिळाले नाहीत की घरच्यांनीच ओटी बांधायची. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. बोटं आत घालून कापूस उपसताना ती नखाच्या मुळाशी घुसतात. नखं वाढलेली असली की त्यांत अडकून उभी चिरतात. शिवाय घरी म्हैस आहे. नखं वाढवून धार काढायला बसलो तर ती पहिल्या दोन दिवसांतच लाथेनं आपलं मत नोंदवते. तेव्हा नखांचा नाद सोडला. फेर्नांदो सोर नखांशिवायच वाजवायचा आणि तारेगा या दुसऱ्या स्पॅनिश वादकानंही उतारवयात नखं काढून टाकली होती, हे नंतर वाचलं तेव्हा बरं वाटलं. बोटाच्या मांसानं पोलादी तार छेडली की आवाज थोडा दबका येतो, पण चरचरत नाही. या गाण्याला तो शोभतो, असं माझं मत आहे. डाव्या हाताची वेगळी गंमत. तळहात इतका राठ की काटा मोडतो, पण बोटांची टोकं कोवळी निघाली. तिथं कधी काही घासलंच नव्हतं. ती निबर व्हायला वेळ गेला, आणि भांडी घासायच्या पावडरीत किंवा खताच्या पाण्यात हात घातला की पुन्हा सोलायची.

पहिले कितीतरी दिवस मी डावा हात लावलाच नाही. मोकळ्या तारांवर नऊ-नऊ स्वर. टिकटिक करून लय मोजणारा मेट्रोनोम फोनमध्ये, तोही मिनिटाला ५०वर. घरात हा प्रकार ऐकणाऱ्यांची सहनशक्ती संपली म्हणून मी संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर जायला लागलो. तिथं प्रार्थना झाल्यावर भजनी मंडळ बसतं. आमच्या भागात मोझरीचा गुरुकुंज जवळ, त्यामुळे तुकडोजी महाराजांची खंजेरी गावोगाव वाजते. मंडळातले एक काकाजी पेटी वाजवतात आणि खंजेरीवरही त्यांचा हात आहे. त्यांनी दोन-तीन दिवस नुसतं ऐकलं, मग म्हणाले, "तू हे काय मोजून रायला? एक ते नऊ मोजते का कोनी गान्यात?"

मी खरंच एक ते नऊ मोजत होतो.

काकाजींनी मला गिटार खाली ठेवायला लावली. टाळी देत म्हणाले, "तकिट तकिट तकिट. तोंडानं म्हन. पयल्या 'त'ले जोर, बाकीच्यायले नाही." आमच्या दादऱ्यात सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. इथं तीन-तीनचे तीन. काकाजींच्या भाषेत, "दादराच आहे, एक खोली जास्त बांधली." तोंडानं तकिट म्हणता म्हणता हात चालायला लागला तेव्हा कळलं की मेट्रोनोम मला वेळ सांगत होता, वजन सांगत नव्हता. नऊ टिकटिक सारख्याच वजनाच्या पडल्या की कानाला आवर्तन कुठं सुरू होतं तेच समजत नाही. मोबाइलवरचे धडे मी भरपूर पाहिले होते. ते बोट कुठं ठेवायचं हे छान दाखवतात. ऐकायचं काय, ते मला ओट्यावर कळलं.

दुसरी दुरुस्ती घरूनच झाली. पहिला भाग कसाबसा सलग वाजायला लागल्यावर मी बायकोला ऐकवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "चांगलं वाजून रायलं. पन गानं कवा सुरू होते?"

म्हटलं, झालंच सुरू. हेच गाणं.

"मले तं नुसता तुनतुन आयकू येते. मधात काही तरी आहे, पन ते दबून रायलं."

मी फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं आणि ती बरोबर होती. वाजवणाऱ्याला सुरावट माहीत असते, त्यामुळे ती नसली तरी त्याला ऐकू येते. फोन मांडीजवळ न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर आणखी स्पष्ट कळतं. सोबतीचे स्वर, मध्यमा आणि तर्जनीचे, सुरावटीच्या डोक्यावर बसले होते. ही दोन्ही बोटं मजबूत, त्यांना हळू मारायची सवय नाही. मी आधी उपाय केला तो अनामिकेनं जोरात मारायचा. एक पद्धत अशीही आहे की तार छेडल्यावर बोट पुढच्या तारेवर टेकवायचं, त्यानं आवाज भरीव येतो. पण टेकवलेलं बोट ज्या तारेवर बसतं तीच तार मध्यमेला लगेच छेडायची असते, आणि माझी दोन बोटं दारात अडकलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांना 'तुम्ही आधी' करत राहायची. शेवटी उलटं केलं. अनामिका होती तेवढीच ठेवली आणि बाकी दोघांना गप्प करायला शिकलो. आठवडाभर फक्त मध्यमा-तर्जनी, इतकी हळू की पंखा चालू असताना ऐकू येऊ नये. मग फक्त सुरावट, सलग, सोबतीविना. मग दोन्ही एकत्र. हे जमायला डाव्या हाताच्या सगळ्या कसरतीपेक्षा जास्त काळ लागला, आणि माझ्या मते हे गाणं शिकणं म्हणजे एवढंच आहे. बाकी बोटांची व्यायामशाळा.

तरी त्या व्यायामशाळेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. सातव्या आवर्तनात पाचव्या फ्रेटवर तर्जनी आडवी पडते. ही जागा भीती वाटते तितकी वाईट नाही. खालचा सूर मोकळ्या पाचव्या तारेचा आहे, त्यामुळे सगळ्या सहा तारा दाबायची गरज नाही, वरच्या सुराच्या तीन बारीक तारा दाबल्या की भागतं. मला हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. खरी घाटी नवव्या-दहाव्या आवर्तनाची. तिथं सातव्या फ्रेटवर पूर्ण आडवं बोट, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत, तिसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला मध्यमा, आणि हे सगळं धरून ठेवून करंगळी पहिल्या तारेवर अकराव्या फ्रेटपर्यंत लांबवायची. पोलादी तारांवर आडवं बोट सपाट ठेवलं तर पेराच्या खोबणीत नेमकी एक तार जाऊन बसते आणि 'ठक' असा मेलेला आवाज येतो. बोट अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलतं करावं लागतं. ताकदही अंगठ्यानं चिमटा काढून लावायची नाही. कोपर मागे ओढायचं, हाताच्या वजनानं तारा दाबल्या जातात. बादली विहिरीतून ओढताना मनगट वापरत नाही, पाठ वापरतो, हे ज्याला माहीत आहे त्याला हे लवकर समजायला हवं. मला समजलं नाही लवकर, ती गोष्ट वेगळी.

हीच जागा काकाजींनाही अडली, पण वेगळ्या कारणानं. त्यांनी एव्हाना पेटीवर सुरावट बसवून टाकली होती. पांढरी तीन, म्हणजे गिटारची मोकळी पहिली तार, षड्ज धरला की सगळे स्वर आसावरीच्या घरचे: गंधार, धैवत, निषाद कोमल. बाराव्या फ्रेटचा तार षड्ज, दहाव्याचा कोमल निषाद, आठव्याचा कोमल धैवत, सातव्याचा पंचम. ते डोलत वाजवत होते आणि दहाव्या आवर्तनाशी येऊन थांबले. अकरावा फ्रेट. "हा शुद्ध नी इथं कोनी आनला? तुहं बोट सरकलं असंन." मी टॅब, म्हणजे कोणत्या तारेवर कितवा फ्रेट ते लिहिलेला कागद, दाखवली. बोट बरोबर होतं. पाश्चात्त्य संगीतात मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या, सुरावटीत पंचमाचा कॉर्ड, म्हणजे पंचमावर उभारलेला स्वरांचा जुडगा, आला की निषाद शुद्ध करतात, म्हणजे षड्जाकडे जायची ओढ लागते. मी हे वाचलेलं त्यांना वाचल्यासारखंच सांगितलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि शुद्ध नी, कोमल ध, प हा तुकडा दहा-वीस वेळा वाजवला. मग म्हणाले, "घ्या. इथंच तं याचं रडू आहे." त्यानंतर मी ती जागा कधी 'अवघड ताण' म्हणून वाजवली नाही. करंगळी दुखते, ते चालू आहे. पण आता तिला कुठं जायचं ते माहीत असतं, आणि जाऊन पोहोचल्यावर घाईनं पळून यायचं नाही हेही.

रब्बीत सराव वावरात हलला. शेतीपंपाची लाईन आठवड्यात काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी जागावंच लागतं. स्प्रिंकलर एका पट्ट्यात लावले की पाईप उचलून पुढे नेईपर्यंत तीन-चार तास हाताला काम नसतं. पूर्वी मी त्या वेळात शेकोटीपाशी पेंगायचो. आता विहिरीजवळच्या खोपडीत गिटार घेऊन बसतो. डिसेंबरातली आमची थंडी बेतास बात म्हणणाऱ्यांनी एकदा ओल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रात्र काढावी. बोटं आखडतात. तारा थंडीनं आकसतात आणि सूर चढतो. घरी लावून नेलेली गिटार खोपडीत पोहोचेपर्यंत वर गेलेली असते. शेकोटीजवळ बसलं की पुन्हा उतरते. दर अर्ध्या तासानं फोनमधला सूर दाखवणारा ट्यूनर काढायचा.

त्याच ट्यूनरमुळे एक गोष्ट सापडली. गिटारला हात न लावताही पडद्यावर 'जी' हा स्वर येत होता, काटा थोडा उजवीकडे. फोन खराब झाला असं वाटलं. मग लक्षात आलं, तो स्टार्टरच्या पेटीची घूं ऐकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणाऱ्या चुंबकाची घरघर १०० हर्ट्झची, आणि गिटारच्या सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा 'जी' ९८चा. म्हणजे पांढरी तीनच्या हिशेबानं स्टार्टर रात्रभर कोमल गंधार धरून बसलेला, किंचित चढा. पहिला भाग मायनर, त्यात कोमल गंधारच आहे, त्यामुळे पेटीची साथ बरी वाटायची. दुसरा भाग मेजर, तो सुरू झाला की वाजत असलेल्या प्रत्येक शुद्ध गंधाराशी तिचं भांडण. काकाजींना सांगितलं तर म्हणाले, लाईनवाल्यांना सांग मेजरमधी वीज सोडा म्हणून.

शेजारच्या वावरात रानडुकरांसाठी भोंग्यावर कुत्र्यांच्या भुंकण्याची चकती लावतात. लोकांना वाटलं माझाही तसलाच काही उपाय आहे. एकानं विचारलंही, रोही (नीलगायी) येत नाहीत का गिटारीनं? येतात. धुऱ्यावर उभे राहून ऐकल्यासारखं करतात आणि हरभरा खाऊन जातात.

दुसऱ्या भागाबद्दल मला कमी सांगायचं आहे, कारण तो अजून पूर्ण माझा झालेला नाही. ई मायनर संपून ई मेजर लागतो. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटच्या जागी चौथा येतो, कोमल गंधाराचा शुद्ध होतो, आणि तेच चक्र, तीच बोटं, पण एकदम दार उघडल्यासारखं होतं. पहिला भाग येणारे बरेच जण इथं थांबतात आणि तेवढंच वाजवून 'रोमान्स येते' म्हणतात. त्यांना दोष देत नाही. इथं आडवं बोट वारंवार येतं, नवव्या फ्रेटपर्यंत जातं, आणि करंगळीला वरचे फ्रेट गाठायचे असतात. क्लासिकल गिटारवर हे अवघड आहे. अरुंद मानेच्या पोलादी गिटारवर ते हट्टाचं काम आहे. मी पहिला भाग ज्या वेगात वाजवतो त्याच्या पाऊण वेगात दुसरा वाजवतो, आणि मधला सांधा दिसू नये म्हणून पहिल्या भागाचं शेवटचं आवर्तन मुद्दाम रेंगाळत सोडतो. जाणकाराला कळेल. गावात तूर्त जाणकार एकच आहे आणि त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे.

कोजागिरीला अंगणात दूध आटत असताना वाजवली. पोट्टे मोबाइलवर होते, बाया दुधातली साखर पुरेशी आहे का यावर चर्चा करत होत्या, आणि पहिल्या आवर्तनाला माझी अनामिका थरथरली. चौथ्यापर्यंत सावरली. सातव्या फ्रेटची घाटी स्वच्छ गेली. शुद्ध निषादावर काकाजींनी मान हलवली, तेवढं मला दिसलं. दुसऱ्या भागात एक आडवं बोट ठकठकलं, ते मीच ऐकलं असावं, कारण त्याच वेळी दूध उतू गेलं. संपल्यावर एका पोट्ट्यानं विचारलं, "काका, एखादं पिक्चरचं येते का?" बायको म्हणाली, "आता आयकू आलं." आणि दूध वाढायला उठली.

आता काकाजींच्या डोक्यात वेगळंच आहे. त्यांना भजनाला मागून हीच नऊ स्वरांची तुनतुन हवी आहे, 'पन दबकी, तुह्या बायकोले पयले आयकू आली तशी'. त्यांचा षड्ज काळी एक. तिथं गिटारवर मोकळ्या तारा मिळत नाहीत. चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून 'ए'चा आकार धरला तरच सोयीचं होतं. कॅपो अमरावतीहून आणावा लागेल, आणि हरभऱ्याची सोंगणी होईपर्यंत मला सवड नाही. तोवर काकाजी पांढरी तीनवर गायला कबूल झाले आहेत. वरचा षड्ज लागला नाही तर तो दोष गिटारीचा धरायचा, ही त्यांची अट.